मिठाच्या पाण्याचा डिमर

सणसवाडी
५ ऑक्टोबर २००३

मामूंना शायनाचा सलाम.

आज वीस दिवस झाले. तुमच्या शेजारच्या दुकानात फोन केला की ‘पाशाभाई नमाजला गेलेत’ असं सांगतात. मागच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजताही तुम्ही नमाजलाच गेला होता. अकराची नमाज कोणती, हे मी दुकानदाराला विचारलं नाही. म्हणून लिहिते आहे. घरी आपण जी दखनी बोलतो ती लिहायची आपल्यात कुणालाच सवय नाही. तुमची शाळा मराठी, माझीही. तेव्हा मराठीत.

आधी एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माझ्या रिपोर्टात एक शब्दही खोटा नव्हता. मी लिहिलं होतं: रंगमंचामागे चिनी मातीच्या पाच बरण्या, त्यांत मिठाचं पाणी. प्रत्येक बरणीत शिशाच्या दोन पट्ट्या, खालची स्थिर, वरची दोरीने वरखाली होणारी. पट्टी खाली सोडली की दिवा उजळतो, वर ओढली की मंदावतो. पाण्यातून २३० व्होल्ट जातात. झाकण नाही, अर्थिंग नाही, वेगळा स्विच नाही, जवळून माणसं ये-जा करतात. यातलं काय चुकीचं आहे? मी इथे इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे. दिसलेला धोका चोवीस तासांत फॉर्मवर लिहून देणं हे माझं काम आहे. तुम्हाला आधी येऊन सांगायला वेळ नव्हता.

सोमवारच्या मीटिंगमध्ये सेफ्टी साहेब तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतील, आणि नेमके तेव्हाच तुम्ही दोरीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन दारात उभे असाल, हे मला माहीत नव्हतं. खाली सही कुणाची, तेही त्यांनी वाचलं. तुम्ही भेंडोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलंत आणि गेलात. बरण्या अजून इथेच आहेत. मी त्या धुऊन स्टोअरमध्ये ठेवल्या आहेत, पालथ्या.

ज्या महोत्सवाच्या दिव्यांसाठी तुम्हाला बोलावलं तो कशाचा, हे आमच्या कंपनीतल्या भारतने तुम्हाला धड सांगितलं नसणार. त्याने नाटक लिहिलं की त्याला दुसरं काही सुचत नाही. तर कंपनीत चेक देशाची यंत्रं येऊन दहा वर्षं झाली. त्यांचा इंजिनियर मिलोश हा सहा महिने इथे आहे. नव्या शेडमध्ये डिसेंबरात यंत्रं बसतील, तोवर ती रिकामी. तिथे १५ ते १७ नोव्हेंबर असे तीन दिवस कलामहोत्सव करायचा, त्यांच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या सन्मानार्थ. हे गृहस्थ मूळचे नाटककार. सरकारने त्यांची नाटकं बंद केली, बिअरच्या कारखान्यात पिंपं ढकलायला लावली, काही वर्षं तुरुंगात टाकलं. चौदा वर्षांपूर्वी १७ नोव्हेंबरला त्यांच्या राजधानीत विद्यार्थी रस्त्यावर आले आणि दीड महिन्यात हा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला. या फेब्रुवारीत पद सोडलं. आज त्यांचा वाढदिवस, म्हणून रविवार असूनही मिलोशने कँटीनमध्ये केक कापला. भारत म्हणाला, “आपल्यातला एखादा नाटकवाला सरपंच तरी झालाय का?”

केक खाताना मला आठवलं, सातवीत असताना तुम्ही मला टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि लोणच्याची रिकामी बरणी दिली होती. मी वाटीभर मीठ टाकलं होतं आणि अम्मीने दोघांनाही बोलणी दिली होती. ओहमचा नियम मला पुस्तकात भेटला तेव्हा तो ओळखीचा होता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नसावं.

नाटकाला तुमच्याशिवाय दुसरा लाइटवाला भारतला नको आहे. मलाही.

शायना


सणसवाडी
१७ ऑक्टोबर २००३

मामूंना सलाम.

उत्तर नाही. भारत मात्र रविवारी तुमच्याकडे येऊन गेला, आणि खुटबावचा माणूस बातमी पोटात ठेवत नाही.

“पाशाभाईंनी पत्र वाचलं,” तो म्हणाला. “घडी घातली. टोपीत ठिवलं.”

“मग?”

“म्हनले, अक्षर चांगलं हाय.”

“बास?”

“मी म्हनलं, पाशाभाई, बरण्यांचं मनाला लावून घेऊ नका. तर म्हनले, बरण्यांचं न्हाई रं भारत. बरण्या काय, फुटत्यात.”

मी त्यावर बराच विचार केला. बरण्यांचं नाही, म्हणजे सगळ्यांसमोर वाचलं त्याचं असणार. तेव्हा त्याबद्दल लिहिते.

काल मिलोश प्रदर्शनाचं सामान उघडत होता. त्याच्या वडिलांनी टाइप केलेलं एक नाटक त्याने आणलंय. बंदी असलेली पुस्तकं ही माणसं घरी टाइप करून वाटायची. एका वेळी बारा पातळ कागद, मध्ये कार्बन. बारावी प्रत जेमतेम वाचता येते. मिलोशकडे बारावी आहे, कारण चांगल्या प्रती लोकांना द्यायच्या असत. घरात राहायची ती शेवटची.

वडिलांच्या नावाने पोलिसांकडे फाइल होती. राज्य बदलल्यावर ती वाचायला मिळाली. मिलोश वाचायला गेला. खबर देणारा त्यांच्याकडे दर गुरुवारी बुद्धिबळ खेळायला येणारा शेजारी निघाला. मी विचारलं, खोटं लिहिलं होतं का? मिलोश म्हणाला, “तेच तर. एकही चूक नव्हती. कोण किती वाजता आलं, कार्बनचे डबे किती, जेवायला काय होतं, सगळं बरोबर. एका ठिकाणी त्याने वडिलांच्या खेळाची तारीफसुद्धा केली होती.” आणि हसला. मग म्हणाला, “वडील त्या फाइलमधलं काहीही नाकारू शकत नव्हते. ते फक्त एवढंच म्हणाले, तो मला हे तोंडावर सांगू शकला असता, समोरच तर बसायचा.”

मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. माझ्या कागदाने कुणी तुरुंगात गेलं नाही, हे मला समजतं. धोका होता आणि तो लिहायलाच हवा होता, यावर मी अजूनही ठाम आहे. पण पहिलं वाचन तुमच्यासमोर व्हायला हवं होतं. तुमच्या ओट्यावर, चहा घेताना. त्याबद्दल मी माफी मागते. ही माफी फक्त तेवढ्यापुरती आहे. जास्त मागितली तर ती खरी राहणार नाही.

दिवाळीला कंपनी चार दिवस बंद आहे. मी यवतला येणार होते, पण वर्कशॉप रिकामं मिळतंय, तर इथेच थांबते. का, ते पुढच्या पत्रात.

शायना


सणसवाडी
३ नोव्हेंबर २००३

मामूंना सलाम. रमजान मुबारक.

तुमच्या जागी पुण्याहून इलेक्ट्रॉनिक डिमर भाड्याने आणला होता. निळी पेटी, बारा बटणं, मॅनेजर खूश. ११ ऑक्टोबरच्या शनिवारी चाचणी घेतली. शेडला अजून वीजजोडणी मिळालेली नाही, सगळं जनरेटरवर. पूर्ण उजेडात दिवे ठीक होते. अर्ध्यावर आणले तर लग्नाच्या मांडवासारखे लुकलुकायला लागले. पेटीवाल्याने जनरेटरला नावं ठेवली, जनरेटरवाल्याने पेटीला. दोघांचंही अर्धं बरोबर होतं. अशा पेट्या विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून दिवा मंद करतात. छोट्या जनरेटरची लाट मुळातच वेडीवाकडी, तर ती कापणार कुठे? मिठाच्या पाण्याला लाट सरळ की वाकडी याचा फरक पडत नाही. हे मला सप्टेंबरात सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

आणि मंद उजेडाशिवाय भारतचं नाटक होत नाही. तुम्ही तालीम पाहिलेली नाही, म्हणून सांगते. दूध संकलन केंद्र. वरून आदेश येतो की रोज संध्याकाळी सगळ्यांनी दूध पांढरं असल्याच्या दाखल्यावर सही करायची. सगळे करतात. एक म्हातारी करत नाही, कारण संध्याकाळच्या उजेडात दूध तिला पिवळं दिसतं. बास, एवढंच. म्हातारीचं काम आमच्या कँटीनच्या सिंधूबाई करतात. शेवटच्या प्रवेशात आठ मिनिटं उजेड इतका हळू उतरायला हवा की दूध कधी पिवळं झालं ते बघणाऱ्याला कळू नये, आणि रंगमंचावरचे सगळे “पांढरं, पांढरं” म्हणत राहावेत. लुकलुकणाऱ्या दिव्यात ते विनोदी दिसेल.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी एक कपाट केलं. सागाची चौकट, आत तुमच्या पाचही बरण्या, पुढे वीज न वाहणाऱ्या बेकेलाइटचं झाकण, दोऱ्या वरच्या पुलींवरून बाहेर. झाकण उघडलं की आपोआप वीज तुटते, असा स्विच झाकणाला बसवलाय. चौकटीतल्या लोखंडाला अर्थिंग. तुमचे दोर तसेच ठेवले आहेत, गाठीसकट. त्या गाठी मला जमल्या नसत्या.

सोबत एक कागद आहे. हा दुसरा रिपोर्ट. अजून कुणी वाचलेला नाही, सेफ्टी साहेबांनीसुद्धा नाही. पहिले वाचणारे तुम्ही. खोडायचं ते खोडा. चालवणाऱ्याच्या सहीची जागा मी कोरी ठेवली आहे.

मीठ किती, तेवढं लिहा. माझ्याकडे मीटर आहे, पण तुमचा आकडा मला माहीत नाही.

शायना


सणसवाडी
११ नोव्हेंबर २००३

मामूंना सलाम.

कागद परत मिळाला. भारतने तो सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून आणला, का ते त्यालाच ठाऊक.

तुमची पेन्सिल मी चार वेळा वाचली. ‘सागाची चौकट’ यावर तुम्ही ‘साग न्हाई, बाभूळ हाय’ असं लिहिलंत. विचारून आले. बाभूळच आहे, स्टोअरवाल्याने फसवलं. फोटो न पाहता तुम्हाला कसं कळलं? सुट्टीत कंपनी सागवान कुणाला देणार, यावरून असेल.

आणि झाकणाच्या चित्राशेजारी: ‘वाफ कुठून जानार? झाकनाला बसंल. खारं पानी हाय. झाकनच करंट मारंल.’

हे बरोबर आहे. दीड तास दिवे चालले की पाणी तापतं, वाफ निघते, बंद कपाटात ती झाकणाला धरते, आणि खारट थेंबांतून वीज झाकणावर येते. तुमच्या उघड्या बरण्यांजवळ माणूस भिऊन वागला असता. माझ्या कपाटाला सुरक्षित समजून टेकला असता. मी तीन वर्षं डिप्लोमा केला आणि पातेल्याचं झाकण विसरले. काल वर आणि मागे चोवीस भोकं पाडली, आत उतरती पन्हळ बसवली. एक तास चालवून पाहिलं, झाकण कोरडं.

मिठाच्या पुढे तुम्ही ‘चाखून’ एवढंच लिहिलंत. चाखून म्हणजे किती? आणि नाटक १७ तारखेला, तयारी दुपारी आहे. तुमचाही रोजा, माझाही. चाखणार कोण?

सहीची जागा कोरीच आली. अम्मी फोनवर म्हणते, “तो येईल की नाही मला विचारू नको. गेल्या आठवड्यात दोन दोऱ्या मेण लावून वाळत टाकल्यात, एवढं मी बघितलं.” दोऱ्या कशासाठी, हे मी तिला विचारलं नाही. सोमवारी दुपारी दोनला भारत मोटारसायकल घेऊन तुमच्या ओट्यापाशी थांबेल. पंधरा मिनिटं थांबायला सांगितलंय. खरं म्हणजे अर्धा तास.

तुम्ही आला नाहीत तर दोऱ्या मी ओढेन. नाटक होईल. पण ते चांगलं होणार नाही.

शायना


सणसवाडी
१९ नोव्हेंबर २००३

मामूंना सलाम.

परवा आपण सहा तास एका कपाटाशी उभे होतो, तरी हे पत्र लिहिते आहे. तिथे जे सांगायचं राहिलं ते तोंडाने सांगता आलं नाही. ते शेवटी लिहिते. आधी परवाचं, कारण तुम्ही मागे होता आणि पुढून काय दिसलं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही.

तुम्ही गाडीवरून उतरलात आणि म्हणालात, “कुठं हाय कपाट, मॅडम?” मला वाटलं, सेफ्टी साहेबांसमोर आहे म्हणून मॅडम. ते गेल्यावरही मॅडमच. “पक्कड द्या, मॅडम.” “मॅडम, हा तक्ता कशाचा?” मी सांगितलं, पट्टी किती इंच उतरली की उजेड किती टक्के. तुम्ही चष्मा लावून सगळा वाचलात. “चांगला हाय. तिसऱ्या प्रवेशापातूर पानी तापतं, मॅडम. तक्ता तापतो का?”

माझा तक्ता गार पाण्याचा होता. मी तो घडी करून खिशात ठेवला.

मग मीठ. मिलोशला बोलावलं. एका मुठीतच त्याने तोंड वाकडं केलं. भारतला बोलावलं. चार मुठी झाल्या तरी तो ओठ चाटत म्हणत होता, “अजून लागंना.” तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात, ही तुमची परवाची एकमेव चूक. सहाव्या मुठीला दिवे लावले, पट्टी पार वर ओढली तरी एक दिवा मंद होईना.

“तुझ्या घरी आमटी करत्यात का समुद्र?”

“पाशाभाई, आमच्यात हाच अंदाज हाय.”

“तुझ्या बापाचं बीपी किती हाय रं?”

“दोनशेला टेकलंय.”

“टेकंल न्हाई तर काय! काढ अर्धं पानी.”

शेवटी मिलोशने तोंड वाकडं केल्यानंतर दोन मुठी, असा आकडा ठरला. मी तो लिहून ठेवलाय. अर्थात मिलोश गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

आणि मग चार नंबरची पट्टी अडकली. झाकणाचा स्विच मी चाचणीसाठी चिकटपट्टीने दाबून ठेवला होता, म्हणजे झाकण उघडं असताना दिवे दिसावेत. नंतर काढायची म्हणून. विसरले. झाकण उघडं आहे म्हणजे वीज नाही, असं धरून मी हात घातला.

“शायने! हात!”

तुमच्या हातातली लाकडी पट्टी माझ्या मनगटावर बसली. अजून निळं आहे. मग दहा मिनिटं तुम्ही जे बोललात ते सेफ्टी साहेब, मॅनेजर, जनरेटरवाला, मिलोश, सगळ्यांनी ऐकलं. गधडी म्हणालात. इंजिनियर केली ती का हात भाजून घ्यायला, म्हणालात. तुझ्या अम्मीला मी काय तोंड दाखवू, म्हणालात. मिलोशने भारतला विचारलं, हे काय चाललंय? भारत त्याच्या इंग्रजीत म्हणाला, “अंकल. हर अंकल.”

मान खाली घालून मी ऐकत होते. मला बरं वाटत होतं. हे इथे लिहिते, कारण माझ्या चेहऱ्यावरून तुम्हाला ते कळलं नसेल.

सहाला दोन मिनिटं कमी असताना आपण कपाटामागे रोजा सोडला. खजूर मिलोशने पुढे केले. तुम्ही स्वतः आधी न घेता माझ्या तळहातावर ठेवलात, मनगट न दुखवता.

आता पुढून काय दिसलं ते. शेवटचा प्रवेश सुरू झाला तेव्हा मी तुम्हाला विचारून प्रेक्षकांत जाऊन बसले. पत्र्याच्या कॅनमधून सिंधूबाईंनी दूध परातीत ओतलं. पांढरं होतं. मी मुद्दाम त्यावरची नजर काढली नाही. कुठल्या क्षणी बदलतं ते मला पकडायचं होतं. मला जमलं नाही, मामू. मी मोजत होते, तरी जमलं नाही. शेडमध्ये चारशे माणसं असतील, निम्मे बिहारचे कामगार, मराठी न कळणारे. रंगमंचावर सगळे “पांढरं” म्हणत सह्या करत गेले. सिंधूबाईंकडे कागद आला. त्यांनी परातीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “पिवळं हाय की. सांजंचं दूध पिवळंच दिसतं. तुम्ही समदे बघताय कुठं?” माझ्या मागच्या ओळीतला एक पोक्त कामगार आपल्या शेजाऱ्याला म्हणाला, “सही बोल रही है. पीला है.” त्याला भाषा कळली नव्हती. उजेड कळला होता.

मिलोशने भाषण लिहून आणलं होतं, तीन पानं. वाचलं नाही. वडिलांची बारावी प्रत हातात धरून उभा राहिला, “धन्यवाद” एवढं मराठीत म्हणाला आणि बसला. मग नाक शिंकरलं. मॅनेजरनी दोन वेळा विचारलं, लाइट कुणाचे? तुम्ही तेव्हा बरण्या रिकाम्या करत होता. या वेळी मी उभी राहून सांगितलं, माझे मामू आहेत, यवतचे पाशाभाई.

‘या वेळी’ असं मी लिहिलं. आता तेच सांगायचं आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की वेळ नव्हता. वेळ होता. शनिवारी तुम्ही पहिल्यांदा बरण्या मांडल्यात आणि हात धुवायला बाहेर नळावर गेलात. मॅनेजर आले, बरण्यांकडे बघून म्हणाले, “हे कोण, लोणचं घालायला आलंय का?” सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी विचारलं, यांना कोण ओळखतं? भारतने हात वर केला. मी केला नाही.

रविवार पूर्ण मोकळा होता. यवतची गाडी होती. मी खोलीवर बसून फॉर्म भरला. त्यात एक रकाना असतो: काम घेणाऱ्याशी नाते. मी लिहिलं, ‘नाही’. तेव्हा रिपोर्टात एक शब्द खोटा नव्हता, हे मी तुम्हाला लिहिलं तेही खोटं. एक शब्द होता. धोक्याचं सगळं खरं होतं, पण मी ते धोक्यासाठी लिहिलं नाही. मला तुमची लाज वाटली. तुमच्या बरण्यांची, दोऱ्यांची, टोपीची. मला इथे चौघांत इंजिनियर दिसायचं होतं, आणि लाजेला नाव द्यायला मला एक छापील फॉर्म मिळाला.

हे तुम्हाला माहीत नाही आणि तरी परवा तुम्ही मला गधडी म्हणालात. न सांगता ते गधडी म्हणणं ठेवून घेतलं असतं तर ते चुकीच्या मीटरवर घेतलेलं माप झालं असतं.

चांद मंगळवारी दिसला तर बुधवारी ईद. मी सकाळी सव्वानऊच्या गाडीने यवतला येईन. तुमचं दार अम्मीच्या आधी लागतं. बंद दिसलं तर मी ठोठावणार नाही, पुढे जाईन. अम्मीला काही सांगायची गरज नाही.

शायना


यवत
२२ नोव्हेंबर

शायनास पाशाची दुवा.

पत्र पोचलं. कार्डावर जागा कमी हाय म्हणून थोडक्यात लिवतो.

नळ भिंतीच्या पलीकडंच व्हता. भिंत पत्र्याची. लोणच्याचं मी तवाच ऐकलं. हसलीस तेबी ऐकलं. चाळीस मानसांत तुझं हसू मला वळकू येतं, तू पाळन्यात व्हतीस तवापासून ऐकतोय. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. भारतला म्हनलो व्हतो बरण्यांचं न्हाई म्हणून. तू पानंच्या पानं बरण्यांचंच लिवत बसलीस. मी म्हनलं लिवू दे, येईल वळणावर.

मी आलो ते हे ठाऊक असून आलो. तुझं कपाट बघायचं व्हतं.

रकान्याचं मला ठाऊक न्हवतं. ते आत्ता कळलं. तो कागद कंपनीच्या फायलीत हाय का अजून? सायबाकडून मागून घे. ‘न्हाई’ खोड, शेजारी मामा लिव, तुझी सही कर, तारीख टाक. तुझ्या त्या गोऱ्या मानसानं सांगितलंच की, फायली पुढं कोणबी काढून वाचतं.

हे झाल्याबिगर शीरखुर्मा न्हाई.

दाराचं काय लिवलंस? आपल्या दाराला कडी कवा व्हती? सव्वानऊची गाडी दहाशिवाय येत न्हाई, मी फाट्यावर उभा ऱ्हातो. चार नंबरची पट्टी का अडकती ते मला समजलंय, येताना ती घिऊन ये.

पाशा